चपलेतला खडा

पहिल्यांदा वाटलं, खडाच गेला चपलेत.
रबाळे नाक्याला गाडी उभी होती.
दांडा धरून चप्पल काढली, झटकली,
काही पडलं नाही.
पुढच्या स्टॉपला पुन्हा झटकली.
खडा तळव्याखालीच, बोटांच्या जरा अलीकडे,
आणि दुसऱ्या पायातही नेमका तिथेच.
दोन्ही पायांत, एकाच जागी.
असा योगायोग मी सात महिने मानत राहिले.

ठाण्याच्या डॉक्टर पोंक्षेबाईंनी
पाऊल दोन्ही कडांनी धरून हलकं दाबलं,
लिंबू दाबून बघतात तसं.
मी ओरडले. त्या म्हणाल्या, "बरं."
मग विचारलं, "सकाळी आखडलेलं किती वेळ राहतं?"
म्हटलं, डेपोतून पहिली गाडी निघते तेव्हा असतं,
चौथी निघते तेव्हा सुटतं.
"मिनिटांत सांगा, मढवीबाई."
पाच पंचवीस ते सात पाच.
शंभर.
अठरा वर्षं कंडक्टरकी केली, हिशेब चुकत नाही.

तुमचंच शरीर तुमच्या सांध्यांना परकं समजतंय, म्हणाल्या.
म्हणजे तिकीट हातात असलेल्या माणसाला
चेकरने खाली उतरवायचं?
त्या थांबल्या. हसल्या.
"तसंच. आता त्या चेकरला जरा सुस्त करायचा."

एक्स-रेत हाडांच्या कडांना बारीक भोकं,
जुन्या कागदी तिकिटाला चिमटा मारायचो, तशी.
ती बुजत नाहीत.
नवी पडू द्यायची नाहीत, एवढंच हातात.

तर गुरुवार.
गुरुवारी पिवळ्या गोळ्या, सहा, आठवड्यातून एकदाच.
रोज घेतल्या तर जिवावर बेतेल,
हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं,
हरेश्वरने कॅलेंडरवर लाल पेनाने बावन्न गोल काढले.
शुक्रवारी तोंडाला सुट्ट्या नाण्यांची चव,
शनिवारी फोलिक ॲसिड,
दर दीड महिन्याने दंडातून रक्त.
गुण यायला तीन महिने लागतील म्हणाल्या.
मला साडेचार लागले.

तोवर अंगठा बाहेर कलला होता,
बाकीची बोटं एकमेकांवर चढलेली,
सगळ्यांना एकाच दाराने उतरायचंय जशी.
जोडवी रुतली. साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळला.
शेवटी गोठिवलीच्या सोनाराने कातरली.
सासूबाई समोर बसल्या होत्या,
काही म्हणाल्या नाहीत, चहा ठेवायला उठल्या.
कापलेली चांदी हरेश्वरने
माझ्या जुन्या बिल्ल्याच्या डबीत टाकली.

वाशीला अनीस परकार म्हणून पोरगा आहे,
पायाचे साचे घेतो.
फोमच्या खोक्यात उभं केलं त्याने मला.
पावलं खाली गेली, गार, हळूच,
दिव्याच्या खाडीत बापामागून चालताना जायची तशी.
तेव्हा बाहेर काढताना चिखल चुपकन आवाज करायचा.
फोम गप्प राहिला.
साच्यात बघितलं तर पाऊल माझं वाटेना.
अनीस म्हणाला, "बोटांमागे एक उंचवटा देतो."
म्हटलं, अरे, एक खडा काढायला आले मी,
तू दुसरा घालतोस?
"हा मऊ आहे, मावशी. आणि दोन बोटं मागे.
हाडांचा भार हा घेईल."

घेतो. खोटं कशाला बोलू.
पुढून रुंद, काळ्या, बेढब चपला,
लग्नाला नेसलेल्या पैठणीखाली
दोन बसगाड्या लावल्यासारख्या दिसतात.
आता मी डेपोच्या खिडकीत बसते, मशीन वाटते, रोकड मोजते.
पावसाळी हवेत अजूनही चौथ्या गाडीपर्यंत जातं कधी,
बहुतेक दिवस पहिलीतच मिटतं.
ऑपरेशनचं डॉक्टर बोलल्यात. बघू म्हटलं.

चपला मात्र रोज झटकते, सवयीने.
परवा उंबऱ्यावर झटकली
आणि टक्क करून
खरंच एक पडला,
हरभऱ्याएवढा, राखाडी.
मी हरेश्वरला हाक मारली.
दाढीचा फेस तसाच घेऊन आला बिचारा.
म्हटलं, बघ,
होता.